कॅशे सर्व्हर पायथनमध्ये लिहिलेला असला तर चालेल का?

दहावी-बारावीचा निकाल लागतो त्या दुपारी घराघरांत एकच वाक्य ऐकू येतं, साईट उघडेना. पीक विम्याची शेवटची तारीख आली की सेवा केंद्राच्या पायरीवर बसलेला शेतकरीही तेच सांगतो, सर्व्हर डाऊन आहे. ज्याने कॉम्प्युटरला कधी हात लावला नाही त्याच्याही तोंडी हे दोन शब्द बसलेत. सर्व्हर डाऊन होतो म्हणजे नेमकं काय होतं, हे मात्र फारसं कुणी समजावून सांगत नाही. पुष्कळदा कारण साधं असतं. हजारो माणसं एकाच वेळी जवळजवळ एकच प्रश्न विचारतात आणि मागचं यंत्र प्रत्येकासाठी तेच उत्तर नव्याने शोधत बसतं.

आम्ही चार जण परभणीत बसून मोंढ्यातल्या आडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. पट्टी, खतावणी आणि शेतकऱ्याला मोबाईलवर दिसणारे दिवसाचे भाव. सौदे आटोपून भाव चढवले की पुढच्या अर्ध्या तासात सगळे एकदम ॲप उघडतात. त्या गर्दीसाठी तयार उत्तरं हाताशी ठेवणारा कॅशे सर्व्हर हवाच होता. आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलाने पूर्ण पायथनमध्ये लिहिलेला एक छोटा सर्व्हर शोधून आणला, जेमतेम तीनशे ओळींचा. दोघांनी तो बघायच्या आतच नाकारला, "पायथनमध्ये? मग तो संथच असणार." तिसऱ्याला तो वाचता येतो म्हणून लगेच आवडला. मला दोन्ही कारणं अपुरी वाटली. त्या वादातून जे कळत गेलं ते इथे पहिल्यापासून सांगतो.

कॅशे म्हणजे दुकानाच्या दारातला फळा

कॅशे म्हणजे रोकड नव्हे. उच्चार जवळचा असल्याने घोळ होतो, म्हणून मी मुद्दाम कॅशे असं लिहितो.

आडत दुकान डोळ्यासमोर आणा. आत मुनीम वही घेऊन बसलाय. प्रत्येक सौदा, कट्टे, वजन, भाव सगळं वहीत आहे. आता दर मिनिटाला एक जण आत येऊन विचारतो, "आज सोयाबीन काय निघालं?" मुनीम पानं उलटतो, बघतो, सांगतो. दहा जणांपर्यंत ठीक. दोनशे जण आले की मुनिमाचं खरं काम थांबतं. शहाणा आडत्या मग दारात फळा लावतो आणि खडूने लिहितो: सोयाबीन, इतके, तूर, इतके, हळद, इतके. लोक दारातूनच वाचून जातात.

वही म्हणजे डेटाबेस, फळा म्हणजे कॅशे. फळ्यावर डावीकडे जे नाव असतं ती 'की' (इंग्रजीतली key, किल्ली), उजवीकडचा आकडा ती व्हॅल्यू. असा जोड्यांचा फळा कॉम्प्युटरच्या रॅममध्ये, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या वेगवान मेमरीत, ठेवला की त्याला इन-मेमरी की-व्हॅल्यू कॅशे म्हणतात. यात एक गोष्ट पक्की धरून चाला: खरं तेच, जे वहीत आहे. फळा पावसाने पुसला गेला तर फार तर थोडी धावपळ होते. वही भिजली तर दुकान बुडतं.

रॅमच का? रॅममधून एक गोष्ट उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, एसएसडीवरून साधारण १०० मायक्रोसेकंद आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून १० मिलिसेकंदांच्या आसपास. हे आकडे मनात बसत नाहीत, म्हणून रॅमचं काम एका सेकंदात होतं असं समजू. मग एसएसडीला सतरा मिनिटं लागतील आणि हार्ड डिस्कला एक दिवस उलटून जाईल. चांगला डेटाबेससुद्धा लागणारी पानं रॅममध्ये धरून ठेवतो, हे खरं. पण चार तक्ते जोडून, बेरजा करून उत्तर काढण्याचे कष्ट त्याला दर वेळी पडतात. फळ्यावर तयार उत्तर असतं.

त्यासाठी वेगळा सर्व्हर कशाला?

पायथनमध्ये डिक्शनरी असते, पीएचपीत ॲरे असतो. त्यातच भाव ठेवले तर? आम्हीही आधी तेच केलं होतं. अडचण अशी की गर्दी झेलायला ॲपच्या चार प्रती एकाच वेळी चालू असतात आणि प्रत्येक प्रतीची मेमरी वेगळी. म्हणजे एका दुकानाला चार दारं आणि दर दाराला वेगळा फळा. एका फळ्यावर नवा भाव चढला, तिघांवर जुनाच राहिला. वसमतच्या एका हळद उत्पादकाने आम्हाला फोन केला, पान पुन्हा उघडलं की भाव बदलतो आणि तिसऱ्यांदा उघडलं की परत पहिला येतो. आपल्याला कुणी फसवतंय असं त्याला वाटलं, आणि त्याचं काही चुकलं नाही. भावाच्या बाबतीत असं होणं गंभीरच आहे. साध्या पीएचपीत तर विनंती संपली की त्या ॲरेतलं सगळंच पुसलं जातं.

म्हणून फळा एकच हवा, सगळ्या दारांतून दिसेल असा. वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्र प्रोग्राम म्हणून, चालणारा आणि सगळ्यांना उत्तर देणारा हा सामाईक फळा म्हणजे कॅशे सर्व्हर. मेमकॅश्ड आणि रेडिस ही त्यातली सर्वांत परिचित नावं. दोन्ही सी भाषेत लिहिलेले आहेत.

स्क्रिप्टिंग भाषा म्हणजे काय, आणि ती संथ असते ना?

सी भाषेतला प्रोग्राम आधीच यंत्राच्या भाषेत उतरवून ठेवलेला असतो. पायथन, रुबी, पर्ल, पीएचपी या स्क्रिप्टिंग भाषा. त्यांचे प्रोग्राम चालताना मधे एक दुभाषी बसतो, तो सूचना घेत जातो आणि यंत्राकडून करून घेत जातो. दुभाष्याचा वेळ लागतो, त्यामुळे संथपणाचा आक्षेप खोटा नाही. प्रश्न इतकाच, की तो वेळ तुमच्या कामात जाणवतो का?

हिशोब करू. समजा अर्ध्या तासात पाच हजार माणसं ॲप उघडतात आणि एका पानासाठी सहा वेळा फळ्याकडे बघावं लागतं. एकूण तीस हजार वेळा. त्यातले निम्मे लोक पहिल्याच मिनिटात आले असं धरलं तरी सेकंदाला अडीचशे होतात. पायथनमध्ये नीट लिहिलेल्या सर्व्हरला एका उत्तराला १०० मायक्रोसेकंद लागतात असं धरा, म्हणजे सेकंदाला दहा हजार उत्तरं. रेडिस साध्या मशिनवरही लाखाच्या घरात जातो. दहापट फरक आहे, पण आपल्याला अडीचशेच हवेत. शिवाय ॲप एका मशिनवर आणि कॅशे दुसऱ्यावर असेल तर ऑफिसच्या जाळ्यातून जाऊन यायलाच अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास लागतात. दुभाष्याच्या वेळेपेक्षा रस्त्याचा वेळ जास्त.

"पायथनमध्ये एका वेळी एकच धागा काम करतो" हाही मुद्दा निघाला. धागा (थ्रेड) म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या कामांची ओळ. नेहमीच्या पायथनपुरतं ते खरं आहे. पण रेडिससुद्धा आज्ञा एकामागून एकच पार पाडतो आणि तरीही जग त्यावर चालतं. धोका एका धाग्यात नसून लांबलचक आज्ञेत आहे. कुणी "सगळ्या की दाखव" म्हटलं की त्याच्या मागची अख्खी रांग थांबते, भाषा कुठलीही असो.

आणि एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी लाइव्हजर्नल या साईटसाठी २००३ मध्ये मेमकॅश्ड पहिल्यांदा लिहिला तो पर्लमध्ये, नंतर अनातोली व्होरोबे यांनी तो सीमध्ये उतरवला. इटलीच्या सिसिलीतल्या साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी रेडिसचा पहिला नमुना टीसीएल या स्क्रिप्टिंग भाषेत केला, मग सीमध्ये लिहून २००९ मध्ये जगापुढे ठेवला. दोघांनीही कल्पना आधी स्क्रिप्टिंग भाषेत पारखून घेतली. त्यामुळे अशा भाषेतला कॅशे सर्व्हर म्हणजे पोरखेळ, असं म्हणणाऱ्याला मी हा इतिहास सांगतो.

खरा खर्च बारदान्याचा

वेगाचं भांडण मिटलं तरी रॅमचा हिशोब उरतो, आणि तो मात्र कडक आहे.

मोंढ्यात प्रत्येकाला माहीत असतं की वजन करताना बारदाना वजा करायचा. पायथन प्रत्येक छोट्या वस्तूला स्वतःचं पोतं चढवतं. मेमरी मोजायचं माप म्हणजे बाइट. ६४ बिटांच्या मशिनवर बाइटांची रिकामी ओळसुद्धा ३३ बाइट घेते. एक दशांशी संख्या २४ बाइट. दोन गोष्टी एकत्र बांधायच्या म्हटल्या तर बांधणीचेच ५६. आता एक नोंद घ्या: तीस बाइटांची की आणि चार बाइटांचा भाव. खरा माल ३४ बाइट. पायथनमध्ये की ६३, व्हॅल्यू ३७, किती वाजेपर्यंत टिकवायचं तो आकडा २४ आणि बांधणी ५६, एकूण १८०. डिक्शनरीतली जागा याच्यावर वेगळी. मेमकॅश्डमध्ये याच नोंदीचा बारदाना सुमारे पन्नास-पंचावन्न बाइटांचा असतो.

व्हॅल्यू मोठी असेल, समजा वीस किलोबाइटांचं तयार पान, तर हा फरक नगण्य. बारीक बारीक लाखो नोंदी असतील तर फरकच सगळं खातो.

आमचा अपघात इथेच झाला. त्या तीनशे ओळींच्या सर्व्हरला आम्ही ६४ एमबीची मर्यादा घातली होती. तो ती पाळतही होता, पण मोजत होता फक्त व्हॅल्यूची लांबी. चार-चार बाइटांचे भाव, रोज नव्या तारखेची नवी की, जुन्या तशाच पडून. त्याच्या हिशोबाने पोतं रिकामंच होतं. एका पहाटे लिनक्सने रॅम संपली म्हणून ती प्रोसेस मारून टाकली आणि सकाळी साडेसातला दुकानदाराचा फोन आला. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: मर्यादा आहे का, आणि ती मोजताना बारदाना धरलाय का?

मर्यादा भरल्यावर काय पुसायचं, हाही प्रश्न त्यालाच जोडून येतो. नेहमीची रीत अशी की ज्याकडे सगळ्यात जास्त वेळ कुणी पाहिलेलं नाही ते आधी पुसायचं. पायथनमध्ये हे पाच-सात ओळींत जमतं, म्हणून ते नसेल तर तो सर्व्हर अर्धवट समजावा. आयता सर्व्हर घेतला म्हणून इथे निर्धास्त राहू नका. मेमकॅश्ड न सांगता ६४ एमबीवर थांबतो. ६४ बिटांच्या मशिनवर रेडिसला मात्र आपण मर्यादा सांगावी लागते, नाही सांगितली तर तोही रॅम संपेपर्यंत भरत राहतो.

अक्षरं मोजतो की बाइट?

ही गोष्ट इंग्रजीत काम करणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही, म्हणून जरा थांबून सांगतो.

मुलाने आठवडाभर चाचण्या घेतल्या, सगळ्या पास. मोंढ्यात लावला त्या दिवशी ॲप एका जागी गोठलं. चूक दाखवेना, उत्तरही देईना. तो म्हणाला, "सर, इंग्रजीत चालतंय, मराठीत अडकतंय." आम्ही शेजारी बसून एकच नोंद पाठवून बघितली. व्हॅल्यू होती "हळद".

मेमकॅश्डच्या बोलीत, म्हणजे प्रोटोकॉलमध्ये, ॲप आधी सांगतं की मागून किती बाइट येताहेत, आणि मग माल पाठवतं. हळद या शब्दात अक्षरं तीन, पण युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ साठवणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. म्हणजे ९ बाइट. ॲपने बरोबर सांगितलं, नऊ येताहेत. सर्व्हरने आलेल्या बाइटांचा आधी मजकूर केला आणि मग अक्षरं मोजली: ह, ळ, द. तीनच. उरलेली सहा येतील म्हणून तो थांबला. इकडे ॲप सगळं पाठवून पोचपावतीची वाट बघत बसलं. दोघंही प्रामाणिकपणे एकमेकांची वाट बघत होते.

इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, म्हणून ही चूक कधी उघडी पडली नाही. दुरुस्ती तासाभरात झाली, मजकूर करायचाच नाही, बाइट जसे आले तसे ठेवायचे. आणि ती परभणीत बसलेल्या बावीस वर्षांच्या मुलाने केली, कारण त्याला तो कोड वाचता येत होता. स्क्रिप्टिंग भाषेच्या बाजूने याहून मोठा मुद्दा माझ्याकडे नाही.

याच ओघात आणखी एक. मेमकॅश्डमध्ये की जास्तीत जास्त २५० बाइटांची असते. देवनागरीत लिहिली तर ८३ चिन्हांतच ती भरते, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. "सोयाबीन" लिहायला ७ चिन्हं, २१ बाइट. शिवाय साध्या बोलीत कीमध्ये मोकळी जागा चालत नाही, त्यामुळे "छत्रपती संभाजीनगर" जसंच्या तसं की म्हणून दिलं की आज्ञा तुटते. आम्ही गावांना आकडे दिले.

जुना भाव कधी पुसायचा?

प्रत्येक नोंदीला मुदत देता येते, इतक्या सेकंदांनी शिळी समजा. भावासाठी आम्ही पाच मिनिटं ठेवतो, शिवाय नवा भाव चढला की त्याच क्षणी जुना पुसतो. शेतकरी गाडी भरून निघण्याआधी ॲप बघतो, त्याला शिळा आकडा दाखवणं मला मान्य नाही.

मेमकॅश्डची इथे एक खोड आहे. मुदत ३० दिवसांपेक्षा जास्त सेकंदांत दिली तर तो आकडा १९७० पासून मोजलेली तारीख समजला जातो. साठ दिवसांसाठी ठेवलेली नोंद त्यामुळे लगेच गायब होते. "आम्ही मेमकॅश्डची बोली बोलतो" असं सांगणारा एखादा छोटा सर्व्हर ही खोड पाळतो की नाही, तपासून बघा. पाळत नसेल तर उद्या सर्व्हर बदलताना त्रास होईल.

लाईट गेली तर?

रॅममधलं सगळं जातं. इथे उन्हाळ्यात हे दर आठवड्याचं. मशीन परत सुरू होतं तेव्हा फळा कोरा असतो आणि सगळे एकदम मुनिमाकडे धावतात. कॅशे पडला म्हणून डेटाबेसही पडतो तो असा. यावर दोन गोष्टी कराव्या लागतात, आणि त्या ॲपमध्ये, सर्व्हर कुठलाही असो. एक नोंद गायब दिसली तर वहीतून ती आणायला एकानेच जायचं, बाकीच्यांनी क्षणभर थांबायचं. दुसरं, सगळ्या नोंदींना अगदी सारखी मुदत द्यायची नाही, थोडी मागेपुढे ठेवायची, म्हणजे सगळ्या एकाच क्षणी शिळ्या होत नाहीत.

जे पुन्हा वहीतून काढता येत नाही ते कॅशेत ठेवू नका. शेतकऱ्याची पट्टी, दिलेली उचल, हमाली, यातलं काहीही नाही. नोंदी डिस्कवर उतरवण्याची सोय रेडिसमध्ये आहे, पण छोट्या सर्व्हरांत ती असेलच असं धरू नका.

मग सरळ आयता रेडिस का नाही घ्यायचा?

लिनक्स मशीन असेल आणि ॲप लोकांसाठी खुलं असेल तर घ्यावाच, किंवा मेमकॅश्ड घ्यावा. माझं मत यात स्पष्ट आहे. पण आडत दुकानातला कॉम्प्युटर बहुधा विंडोजवर चालतो, आणि रेडिस थेट विंडोजसाठी अधिकृतपणे मिळत नाही. विंडोजच्या आत लिनक्स बसवून तो चालवता येतो, पण ते सांभाळायला दुकानात कुणी नसतं. पायथन मात्र तिथे सहज चालतं. परवान्याचाही प्रश्न काहींनी काढला. मार्च २०२४ मध्ये रेडिसने आपला मोकळा परवाना बदलला, त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हॅल्की ही वेगळी शाखा निघाली, आणि मे २०२५ मध्ये रेडिस ८ सोबत एजीपीएल या मुक्त परवान्याचा पर्याय आला. दुकानापुरत्या वापराला यातलं काहीच आडवं येत नाही.

आडवी येते ती सुरक्षा. पायथनमध्ये वस्तू जशीच्या तशी साठवायची पिकल नावाची सोय आहे. बाहेरून आलेला पिकल उघडला की त्यात दडवलेली आज्ञा चालू शकते. जो सर्व्हर आलेली व्हॅल्यू पिकलने उघडतो, तो मी पुढे वाचतही नाही. आणि कॅशेचं दार इंटरनेटला कधीच उघडं ठेवायचं नाही. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहब या प्रोग्रामचा कोड ठेवण्याच्या साईटवर सेकंदाला १.३५ टेराबिटांचा मारा झाला, तो लोकांनी उघडे सोडलेले मेमकॅश्ड सर्व्हर वापरून. ते सीमध्येच लिहिलेले होते.

आम्ही शेवटी काय लावलं

लोकांच्या मोबाईलवरचं ॲप आता मेमकॅश्डवर चालतं. दुकानातल्या टीव्हीवर जो भावफलक दिसतो, तिथे विंडोजवर मुलाचाच पायथन सर्व्हर आहे, बारदाना धरून मोजणारा. तिथे सत्तर-ऐंशी नोंदी असतात आणि दोन-तीन प्रोग्राम वाचतात, त्याला तो पुरून उरतो. दोघांची बोली एकच ठेवली होती, म्हणून ॲप एकावरून दुसऱ्यावर न्यायला सेटिंगमधली पत्त्याची एक ओळ बदलावी लागली.

नवा सर्व्हर लावला की मुलगा पहिली नोंद स्वतः हाताने टाकतो. टाईप करतो "हळद", एंटर दाबतो आणि पोचपावती येईपर्यंत स्क्रीनवरून नजर हलवत नाही.